अकरा नंबरचा जबाब

स्टेनोसाहेबांच्या निवृत्तीच्या समारंभात न्यायाधीश म्हणाले होते, "या गृहस्थांनी चौतीस वर्षं कोर्टात लोकांचं बोलणं उतरवून घेतलं, पण स्वतःच्या पदरचा एक शब्द कधी मध्ये घातला नाही." टाळ्या पडल्या. स्टेनोसाहेबांना ती पदवीच वाटली. शेजारच्या खुर्चीवर बसलेली त्यांची बायको एवढंच म्हणाली, "घरीसुद्धा."

तेव्हापासून सात महिने स्टेनोसाहेब घरी होते आणि बायको बोलत होती. ती स्वयंपाकघरातून बोलायची, हे बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून ऐकायचे. दर दहा मिनिटांनी "ऐकताय ना?" असा प्रश्न यायचा. स्टेनोसाहेब मान हलवायचे. भिंतीपलीकडून मान हलवलेली दिसत नाही, हे त्यांच्या इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं. मग ती म्हणायची, "भिंतीशी बोललेलं बरं," आणि पुढे बोलत राहायची.

अशा या घरात एका मंगळवारी मेहुणी आली. मेहुणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. तिने आजवर काचेवर चित्रं काढायचा, हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखायचा आणि पायाचे तळवे दाबून डोकेदुखी घालवायचा, असे तीन अभ्यासक्रम केले होते. चौथा नुकताच संपला होता. तो अकरा आठवड्यांचा होता, घरबसल्या संगणकावर करायचा होता आणि त्याचा विषय होता मुक्या प्राण्यांशी संवाद.

"मुके आहेत तर संवाद कसला?" बायकोने विचारलं.

"ताई, ते मुके नसतात. आपण बहिरे असतो," मेहुणी म्हणाली. हे वाक्य तिसऱ्या आठवड्याच्या धड्यातलं असावं, कारण ती ते म्हणताना वर बघत होती.

तिचं म्हणणं सरळ होतं. गावाच्या टोकाला बेवारस प्राण्यांचा एक निवारा होता. तिथे एकतीस प्राणी होते आणि परवाना होता विसांचा. परवाना अधिकाऱ्याने महिनाअखेरीची मुदत दिली होती. विसाच्या वरचे अकरा प्राणी तोवर कोणाच्या घरी गेले नाहीत, तर त्यांना नदीपलीकडच्या मोठ्या कुंपणात सोडायचं. तिथे दीडशे जनावरं आणि डॉक्टर एक, तोही फक्त गुरुवारी. म्हातारं जनावर तिथे दुसरा गुरुवार बघत नाही, असं निवारा चालवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या. तेव्हा मेहुणी प्रत्येक प्राण्याशी बोलणार, त्याला काय हवं-नको ते विचारणार, आणि ते कागदावर लिहून पिंजऱ्यावर लावणार. लोक वाचतील आणि आपल्या घराला शोभेल असा प्राणी घेऊन जातील.

"पण मी डोळे मिटलेले असताना लिहू कशी?" ती म्हणाली. "तेव्हा मला भाऊजी हवेत."

"घेऊन जा," बायको म्हणाली. "फक्त येताना काही बरोबर आणू नका. कुत्रं-मांजर या घरात येणार नाही. एक न बोलणारा आहे तेवढा पुरे आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेनोसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून, सहा पेन्सिली टोकदार करून निवाऱ्यावर हजर झाले. जिना उतरताना तळमजल्यावरच्या विमावाल्यांनी गाठलंच. विमावाले निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. या बारा वर्षांत त्यांनी इमारतीतल्या कोणालाही सल्ल्याशिवाय फाटकाबाहेर जाऊ दिलं नव्हतं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "जबाब घेताय ते ठीक आहे. पण खाली एक ओळ टाका. सदर जबाब मी राजीखुशीने, कोणत्याही दबावाविना व आमिषाविना दिला आहे. उद्या कोणी विचारलं म्हणजे?" उद्या कोण आणि काय विचारणार हे त्यांनी सांगितलं नाही. विम्याच्या धंद्यात ते सांगत नाहीत.

निवारा म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड होती. दोन्ही बाजूंना पिंजरे, मध्ये सिमेंटची वाट, टोकाला अंगण आणि नळ. फिनेल आणि ओल्या केसांचा वास होता. निवाऱ्याच्या बाई गमबूट घालून सगळीकडे एकाच वेळी असायच्या. त्यांनी स्टेनोसाहेबांना एक स्टूल दिलं आणि त्या नाहीशा झाल्या.

मेहुणी पहिल्या पिंजऱ्यापुढे मांडी घालून बसली. आत एक करडी मांजर होती. मेहुणीने डोळे मिटले. मांजरीने आधीच मिटले होते. पाच मिनिटं गेली.

"हिरवा पडदा," मेहुणी म्हणाली.

स्टेनोसाहेबांनी लिहिलं आणि पुढच्या शब्दासाठी पेन्सिल धरून थांबले. पुढचा शब्द आला नाही.

"साक्षीदार नक्की काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"भाऊजी, शब्द नाही येत. चित्रं येतात."

"चित्राला लघुलिपी नाही."

"मग जे वाटतं ते लिहा ना."

जे वाटतं ते लिहा, असं स्टेनोसाहेबांना आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्यांना घाम फुटला. शेवटी असं ठरलं, की चित्राचं वाक्य मेहुणीने करायचं आणि ते शब्दशः यांनी घ्यायचं. घरी जाऊन ते टाइप करायचे. वर ठरलेला साचा होता: साक्षीदार क्रमांक, वय, धंदा, राहणार. साक्षीदार क्रमांक म्हणजे पिंजऱ्याचा क्रमांक, कारण माणूस पिंजऱ्यात उभा राहिला की त्याचा नंबर ठरतो, हीच त्यांची चौतीस वर्षांची रीत होती. धंद्याच्या रकान्यात बहुतेकांच्या पुढे 'काही नाही' असं आलं. खाली विमावाल्यांची ओळ होती. मात्र मेहुणी प्रत्येकाला बोलतं करायला खाऊ देते हे डोळ्यांनी पाहिल्यावर स्टेनोसाहेबांना राहवेना. त्यांनी 'आमिषाविना' या शब्दापुढे 'दोन बिस्किटे वगळता' असं घातलं. आणि सगळ्यात शेवटी 'वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे' हे वाक्य होतं. ते वाक्य खरं व्हावं म्हणून ते दुसऱ्या दिवशी प्रत्येक पिंजऱ्यापुढे उभे राहून जबाब मोठ्याने वाचून दाखवत. ससा झोपून जाई. तेवीस नंबरचं मोठं पांढरं बदक पहिल्या शब्दापासून हरकत घेई आणि शेवटपर्यंत घेत राही.

लक्ष देऊन ऐकणारा एकच निघाला. अकरा नंबर. तो एक म्हातारा तपकिरी कुत्रा होता. एक कान उभा, एक पडलेला. मालकांनी घर बदललं तेव्हा सामानाच्या यादीत तो नव्हता. त्याच्या पिंजऱ्याला कडी लावत नसत, कारण तो कुठे जात नसे. पहिल्याच दिवशी तो उठून आला, स्टेनोसाहेबांच्या बुटावर हनुवटी ठेवली आणि आडवा झाला. मग रोजचं तेच सुरू झालं. स्टूल जिथे सरकेल तिथे तो सरके. लोकांचे जबाब दोघेही ऐकत.

त्याच्या स्वतःच्या जबाबाची वेळ आली तेव्हा मेहुणी पाऊण तास डोळे मिटून बसली. शेवटी म्हणाली, "काही येतच नाही भाऊजी. कोरं आहे."

"पुन्हा विचार."

"तीनदा विचारलं. तो बोलत नाही आणि बोलायचंय असंही दिसत नाही. नुसता ऐकत बसतो. असल्याला कोण घरी नेणार?"

स्टेनोसाहेबांना हे वाक्य उगाचच लागलं. आपल्याला का लागलं, याचा त्यांनी घरी जाईपर्यंत विचार केला.

बुधवार, गुरुवार गेला. रविवारी लोकांना बोलवायचं होतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तीस जबाब टाइप झाले आणि अकरा नंबरचा कागद टाइपरायटरवर कोरा चढवून राहिला. नियमाप्रमाणे त्यावर 'साक्षीदार काही बोलला नाही' एवढंच यायला हवं होतं. तसा कागद लावला तर तो कुत्रा नदीपलीकडे जाणार हे उघड होतं. घरी आणायचं म्हटलं तर बायकोला विचारावं लागणार आणि ती नाही म्हणणार. आणि मुळात विचारणं ही गोष्ट त्यांना यायची नाही.

स्वयंपाकघरातून बायको बोलत होती. भांडी वाजत होती. "ऐकताय ना?" असा प्रश्न आला. स्टेनोसाहेबांनी मान हलवली आणि आयुष्यात पहिल्यांदा, कोणी न सांगता, टाइप करायला सुरुवात केली. दहा मिनिटांत पान झालं. खोटा कागद केल्याचं एवढं दडपण त्यांच्यावर आलं, की रात्री ते जेवले नाहीत. बायकोने त्यावरही पंधरा मिनिटं बोलून घेतलं.

शनिवारी सकाळी परवाना अधिकारी आला. हा मनुष्य तसा वाईट नव्हता, पण त्याला कागद दिसला की त्याखाली सही शोधायची सवय होती. त्याने पहिला जबाब वाचला, दुसरा वाचला आणि विचारलं, "सही कुठाय?"

"साक्षीदार मांजर आहे," स्टेनोसाहेब म्हणाले.

"ते मला दिसतंय. सही येत नसेल तर अंगठा घ्या. तुम्ही कोर्टातले आहात, तुम्हाला सांगायला नको. इथे लिहिलंय, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे. कोणाच्या सांगण्याप्रमाणे? ठशाशिवाय कागद लावलात तर उद्याचा कार्यक्रम मी बंद करीन."

यावर खरं तर भांडायला हवं होतं. पण स्टेनोसाहेबांना त्याचं म्हणणं बिनतोड वाटलं. आपल्या हे आधी लक्षात कसं आलं नाही याची लाजही वाटली. त्यांनी बाजारात जाऊन निळ्या शाईचे दोन स्टँप पॅड आणले.

एकतीस प्राण्यांचे पाय शाईत बुडवून कागदावर टेकवणं, हे वाचायला पाच सेकंद लागतात. करायला साडेसहा तास लागले. मांजरींनी ठसे दिले, पण कागदावर नाही. निवाऱ्याच्या बाईंच्या आवक-जावक वहीत त्या दिवसाच्या पानावर आजही करड्या मांजरीचा संपूर्ण प्रवास दिसतो. शेळीने स्टँप पॅडचं झाकण खाल्लं. बदकाने ठसा देताना स्टेनोसाहेबांच्या शर्टाची बाही धरली आणि ती सोडायला त्याला कोणतंही आमिष पुरेना. सशाने आपणहून पाय दिला म्हणून सगळ्यांना बरं वाटलं, तर तो ठसा देऊन कपाटाखाली गेला आणि तासभर आलाच नाही. फक्त अकरा नंबरने पंजा उचलून दिला, टेकवला, आणि पुन्हा बुटावर हनुवटी ठेवली.

तरी ठसे ज्याचे त्याच्याच कागदावर उमटले. तेवढी शिस्त स्टेनोसाहेबांनी राखली.

मग निळ्या पायांचे एकतीस प्राणी अंगणात नळाखाली धुतले गेले. शाई निघाली नाही, पण प्राणी भिजले. संध्याकाळ झाली तशी निवाऱ्याच्या बाईंनी एकेकाला पुसून आत टाकायला सुरुवात केली. त्या सगळ्यांना चेहऱ्याने ओळखत. पिंजऱ्यांना नंबर आहेत हे त्यांना ठाऊक होतं, पण त्याचा प्राण्यांशी काही संबंध असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. जो पिंजरा रिकामा दिसेल त्यात हाताला लागेल तो. आणि स्टेनोसाहेब? त्यांनी फायलीतून कागद काढले आणि नंबर बघून एकेका पिंजऱ्यावर अडकवले. एक ते एकतीस. वर नजर करून आत कोण बसलंय हे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. नंबर जुळत होते, मग माणसाने आणखी काय बघायचं?

रविवारी गर्दी झाली. मेहुणीची त्या दिवशी पुढच्या पायरीची परीक्षा होती, त्यामुळे ती नव्हती. स्टेनोसाहेब शेडकडे पाठ करून फाटकाशी टेबल टाकून बसले होते. येणाऱ्याचं नाव-पत्ता वहीत लिहायचं काम त्यांनी मागूनच घेतलं होतं. अकरा नंबरला कोण नेतं ते त्यांना बघायचं नव्हतं, आणि कोणीच नेत नाही हेही बघायचं नव्हतं. लोक समोरून आत जात होते आणि प्राणी घेऊन मागच्या दाराने बाहेर पडत होते. दुपारी निवाऱ्याच्या बाई त्यांच्यापुढे जेवणाचा डबा ठेवून गेल्या. "घरून आलाय. विसरला होता म्हणे." डबा कोणी आणला हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. त्यांनी दुसरंच विचारलं.

"अकरा नंबर?"

"तो पिंजरा रिकामा झाला. आत्ताच."

स्टेनोसाहेबांना आनंद झाला. मग त्यांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला. आपण हे सगळं त्यासाठीच केलं, मग आता जेवण का नको, असं त्यांनी स्वतःला जरा दरडावूनच विचारलं.

संध्याकाळी ते घरी पोचले तर जिन्यातच ओरडणं ऐकू आलं. दार उघडलं. बाहेरच्या खोलीत त्यांच्या खुर्चीवर ते पांढरं बदक बसलं होतं. समोर स्टुलावर बायको बसली होती आणि तिच्या मांडीवर अकरा नंबरचा जबाब होता.

"मी आणलं," ती म्हणाली. नंतर ती काही बोलली नाही. चौतीस वर्षांत ती पहिल्यांदा गप्प होती, आणि बदक तिचाही वाटा बोलून घेत होतं.

स्टेनोसाहेबांनी बदकाकडे पाहिलं, कागदावरच्या क्रमांकाकडे पाहिलं आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. अकरा नंबरच्या पिंजऱ्यात बदक होतं, तर कुत्रा कुठे होता? आणि बाकीचे? एकतीस साक्षीदारांपैकी कोण कोणाचा जबाब घेऊन कोणाच्या घरी गेलं? चौतीस वर्षांत ज्यांच्या कागदात एक खाडाखोड नव्हती, त्यांनी एका दिवसात सगळं गावभर चुकीचं वाटलं होतं.

सोमवारी सकाळी निवाऱ्याला सुट्टी होती. स्टेनोसाहेबांनी फाटकावरच्या वहीतले पत्ते काढले, शुद्धिपत्राच्या प्रती टाइप केल्या आणि निघाले. कुत्रा कोणाकडे तरी असणार, एवढी एकच आशा होती. विमावाल्यांनी जिन्यात अडवून सांगितलं, "चूक लेखी कबूल करू नका. आणि ते वर कोण ओरडतंय?"

पहिलं घर मोटार चालवायला शिकवणाऱ्या मास्तरांचं. त्यांनी करडी मांजर नेली होती आणि तिच्या पिंजऱ्यावर एका तरण्या कुत्र्याचा जबाब होता: मला मोटारीच्या खिडकीतून बाहेर बघायला फार आवडतं. स्टेनोसाहेबांनी शुद्धिपत्र पुढे केलं.

"चूक?" मास्तर म्हणाले. "काय चूक? ती बघा." मांजर मोटारीच्या मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होती. "काल संध्याकाळपासून उतरायला तयार नाही. शब्दन्‌शब्द खरा आहे साहेब. शिकाऊ मुलीने गाडी कुंपणावर घातली तरी डोळे मिटले नाहीत हिने. माझे मिटले."

दुसरं घर एका शिंपीणबाईंचं. त्यांनी दांडगा काळा कुत्रा नेला होता, कागद होता मांजरीच्या पिल्लाचा: मी मांडीवर झोपतो आणि दोऱ्याच्या रिळांशी खेळतो. कुत्रा त्यांच्या मांडीवर होता. म्हणजे मांडी दिसत नव्हती, कुत्रा दिसत होता.

"एका मांडीवर मावत नाही, म्हणून दोन्ही देते," शिंपीणबाई म्हणाल्या. "त्याने तोंडाने सांगितलंय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? कागद परत मिळणार नाही हां. मी तो फ्रेम करायला टाकलाय."

तिसरे दातांचे डॉक्टर. घराची राखण करणारा म्हणून त्यांनी ससा नेला होता, आणि कालपासून घरात एकही चोरी झालेली नव्हती. शुद्धिपत्र कोणी घेईना. खरं सांगायला जावं आणि लोकांनी तुम्हालाच खोटं ठरवावं, असा अपमान स्टेनोसाहेबांचा कोर्टातही झाला नव्हता. आणि म्हातारा कुत्रा कोणाच्याच घरी नव्हता.

चारच्या सुमाराला ते निवाऱ्यावर पोचले. दार उघडं होतं. निवाऱ्याच्या बाई आणि मेहुणी पिंजरे मोजत होत्या.

"दहा गेले भाऊजी," मेहुणी म्हणाली. "एकवीस उरले. एकच जास्त आहे. आज महिनाअखेर. पाच वाजता अधिकारी येणार आहे, गाडी घेऊन."

"कोण जाणार?"

निवाऱ्याच्या बाईंनी फक्त तेवीस नंबरकडे पाहिलं आणि त्या गमबुटाने जमिनीवरची शाई पुसायला लागल्या. तेवीस नंबरच्या पिंजऱ्यात अकरा नंबर पडला होता. वर बदकाचा जबाब होता: मला तासन्‌तास पाण्यात बसायला आवडतं. मी कोणाचं ऐकून घेत नाही. पहाटे सगळ्यांना उठवणं ही माझी जबाबदारी आहे. रविवारभर लोक तो वाचून, आत बघून, हसून पुढे गेले होते.

कुत्रा उठला. आता त्याला उठायला वेळ लागत होता. तो बाहेर आला आणि त्याने बुटावर हनुवटी ठेवली. स्टेनोसाहेब हललेच नाहीत. बायकोला फोन करायला हवा होता आणि फोनवर बोलायला हवं होतं. काय बोलायचं ते त्यांनी मनात तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. तेवढ्यात पाच वाजले.

अधिकारी आला. त्याच्यामागे फाटकातून बायको आली. तिच्या काखेत बदक होतं आणि हातात कागद. बदक संपूर्ण रस्ताभर बोलत आलं असावं, कारण बायकोचा चेहरा थकलेला होता.

"या कागदात लिहिलंय, हा फारसा बोलत नाही," ती सगळ्यांना उद्देशून म्हणाली. "काल रात्री दोन मिनिटं गप्प बसला असेल तर शपथ. कागद कोणी लिहिला?"

अधिकाऱ्याने कान टवकारले. "म्हणजे जबाब खोटा आहे?"

मेहुणी म्हणाली, "मी तर अकरा नंबरकडून काही ऐकलंच नव्हतं. कोरं होतं."

सगळे स्टेनोसाहेबांकडे बघायला लागले. कोर्टात इतकी वर्षं त्यांनी साक्षीदारांना या जागी उभं राहिलेलं पाहिलं होतं. आज त्या जागी ते स्वतः होते.

"मी लिहिला," ते म्हणाले. "तो बदकाचा नाही. या कुत्र्याचा आहे. म्हणजे त्यानेही सांगितलेला नाही. मी पदरचा लिहिला."

"खोटा जबाब," अधिकारी म्हणाला आणि पेन काढलं.

"थांबा," बायको म्हणाली. तिने कागद त्याच्यापुढे धरला. "हा ठसा बदकाचा आहे का?"

ठशांची मागणी ज्याने केली होती, त्याला ठसे बघणं भाग होतं. त्याने चष्मा लावला. बदकाचा निळा पाय पाहिला, मग खाली वाकून कुत्र्याचा निळा पंजा पाहिला, कागदाशी ताडून पाहिला. "कुत्र्याचा आहे," तो म्हणाला.

"मग जबाब खोटा नाही. साक्षीदार चुकीचा दिला गेला. ते मला आज दुपारी कळलं. ठसा बघितला ना मी. बदकाच्या पायाला पडदा असतो, तेवढं मला कळतं."

"मग काल ते आणलंस कशाला?" स्टेनोसाहेबांनी विचारलं. एकाच दिवसात त्यांचं हे दुसरं आपणहून बोललेलं वाक्य होतं.

बायकोने कागद डोळ्यांसमोर धरला आणि वाचला. "बसायला एक कोपरा आणि त्या कोपऱ्यातून दिसेल असं एखादं माणूस, एवढं मला पुरे. मी फारसा बोलत नाही. आयुष्य दुसऱ्यांचं ऐकण्यात गेलं. घरात कोणी बोलत असलं, भांडी वाजत असली, की मला बरं वाटतं. मी उत्तर देत नाही म्हणून ऐकत नाही, असा समज करून घेऊ नये. मी सगळं ऐकतो आणि लक्षात ठेवतो."

बदकसुद्धा थांबलं होतं.

"काल डबा घेऊन मागच्या दाराने आले तेव्हा हे पिंजऱ्यावर वाचलं," ती म्हणाली. "पहिल्या दोन ओळींत कळलं कोणाचा जबाब आहे ते. चौतीस वर्षं त्या माणसाबरोबर राहिलेय मी. मला वाटलं, या बदकाकडे बघून यांना हे सगळं सुचलं. यांचा जीव बसलाय त्याच्यावर, पण हे तोंडाने मागायचे नाहीत. म्हणून आणलं. रात्रभर त्याच्याकडे बघत बसले, की यांना या बदकात असं काय दिसलं असेल."

स्टेनोसाहेबांना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. कोणतं आधी आलं ते मेहुणीला पुढे अनेकांना सांगायचं होतं, पण तिलाही नीट दिसलं नाही, कारण ती स्वतः नाक पुसत होती.

"घरी नेऊया का याला?" स्टेनोसाहेबांनी विचारलं. विचारलं, हे महत्त्वाचं.

"हेच जर काल विचारलं असतं तर माझी रात्रीची झोप वाचली असती," बायको म्हणाली. "चला."

"कुत्रा गेला, उरले वीस," अधिकाऱ्याने लिहिलं. मग त्याची नजर बायकोच्या काखेकडे गेली. "आणि ते बदक परत देताय? मग एकवीस झाले."

सगळ्यांनी बोटांवर मोजून पाहिलं. आकडा बदलेना. गाडी फाटकात उभी होती. बदकाने मान लांब करून अधिकाऱ्याच्या पेनाचं टोपण ओढून घेतलं आणि आपलं म्हणणं मांडायला सुरुवात केली.

"दोघंही," बायको दीर्घ श्वास घेऊन म्हणाली. "पण सही घ्या आधी. मी खोट्या कागदावर काही घरात घेत नाही."

तिने अकरा नंबरचा जबाब स्टुलावर ठेवला. खाली छापाप्रमाणे लिहिलं होतं: वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे. त्याखाली निळा पंजा होता. बायकोने पंजाशेजारच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. स्टेनोसाहेबांनी पेन्सिल बाजूला ठेवली, अधिकाऱ्याचं पेन मागून घेतलं आणि सही केली. अधिकारी कागद हातात घेऊन बराच वेळ बघत होता. पण यावेळी त्याला काही कमी सापडलं नाही.

"भाऊजी, भाऊजी," मेहुणी कुत्र्यापुढे डोळे मिटून बसली होती, "आता काहीतरी येतंय."

"राहू दे," बायको म्हणाली. "त्याचं सगळं लिहून झालंय."

बदक फार दिवस वर राहिलं नाही. विमावाले तक्रार करायला आले, दारातच सल्ला द्यायला सुरुवात केली आणि बदकाने त्यांना तिसऱ्या शब्दाला थांबवलं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, त्याने पुन्हा थांबवलं. असं पाऊण तास चाललं. विमावाल्यांना इतक्या वर्षांत एवढा वेळ कोणी दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते टोपली घेऊन आले आणि बदकाला खाली घेऊन गेले. राजीखुशीने, कोणत्याही आमिषाविना.

कुत्रा मात्र बाहेरच्या खोलीत खुर्चीपाशी बुटावर हनुवटी ठेवून असतो. स्वयंपाकघरातून बायको बोलत असते आणि दर दहा मिनिटांनी विचारते, "ऐकताय ना?" कुत्र्याचं शेपूट एकदा जमिनीवर आपटतं. आणि स्टेनोसाहेब, मान हलवून झाली की, थोडं थांबून, मोठ्याने म्हणतात, "ऐकतोय."